एकोणतीसचा पाढा

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

‘मोठ्यानं म्हण, खालच्या मजल्यापर्यंत गेलं पाहिजे.’ बाबांचं हे वाक्य परवा वकीलबाईंसमोर बसल्या बसल्या आठवलं आणि माझी बोबडीच वळली. बाबा आईला शिवणखोलीत ओढत न्यायचे, तुला दाराशी उभं करायचे आणि एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायचे. तुझा आवाज जिन्यावरून खाली जायचा, आईचा आतच राहायचा. मी तुझ्या शर्टाचं टोक चावत उभी.

आईचा जबडा तारांनी बांधलाय. या वेळी बाबांच्या हातात लाकडी पट्टी नव्हती, शिलाईकामाची ती जड इस्त्री होती. मी बटणांचा डबा घेऊन दारात आले तेव्हा दुसरा घाव बसत होता. हाड मोडल्याचा आवाज कसा असतो ते मला आता कळलंय. तिचे दात माझ्या चपलेपाशी घरंगळत आले. बाबा सांगतात, ती पाय घसरून इस्त्रीवर पडली. आईला बोलता येत नाही आणि लिहून दे म्हटलं की ती पेन खाली ठेवते. म्हणजे कोर्टात बोलायचं ते मी! कंडक्टरला थांबा सांगायच्या भीतीनं पुढच्या थांब्यावर उतरणारी मी. वकीलबाईंनी सरावाला नुसतं नाव विचारलं, तरी त त प प.

तू रोज बाजारात एवढ्या गर्दीसमोर लिलाव पुकारतोस. कसं जमतं, लिही.

लोभ आहे तसा राहू दे, आवाज मात्र थोडा उसना दे.

तुझी,
घुमी


९ मार्च

चि. घुमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन लिलावाला उभा राहिलो आणि भलतीच बोली पुकारली. व्यापारी म्हणाले, आज भोंग्यात पाणी शिरलंय.

कुणाला सांगू नकोस, पण रोज लिलावाआधी मी गोणपाटांच्या थप्पीमागे जाऊन ओकतो. इतकी वर्षं झाली तरी. भीती जात नाही गं, तिला शेजारी उभं राहायला जागा द्यायची. गुडघे ताठ ठेवू नकोस, तशी माणसं कोसळतात. श्वास घ्यायच्या आधी आतला सगळा सोड. भरलेल्या छातीत आणखी भरायला गेलं की घसा बंद होतो. पहिलं वाक्य झोपेतून उठवलं तरी यावं इतकं पाठ कर, बाकीची त्याच्या मागून येतात. हात कापले तर कापू देत, कठडा धर. आणि गर्दीकडे बघू नकोस, एकच चेहरा धर. मी आमच्या तराजूवाल्याकडे बघतो. तो ठार बहिरा आहे, त्याला माझं काही चुकलेलं कळत नाही.

बाबांकडे बघायचं नाही. बघितलंसच तर बुटांकडे.

मी येणार नाही. हंगाम आहे हे खरं, पण ते एकच कारण नाही. ते समोर आले तर मी त्यांचा गळा आवळीन, नाहीतर मुकाट्यानं पाढा म्हणायला लागेन. माझं नाव तिथं काढू नकोस.

आलो नाही म्हणून माया आटली असं समजू नकोस.

तुझा,
भोंगा


२१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बोलले!

उभी राहिले आणि बाबांनी घसा खाकरला. पट्टा काढायच्या आधी खाकरायचे ना, तस्साच. माझी जीभ टाळूला चिकटली. न्यायाधीशसाहेबांनी पाणी द्यायला सांगितलं, तर ग्लास दातांवर वाजायला लागला. मग श्वास सोडला, गुडघे सैल केले आणि चेहरा धरला तो आईचा, तारांसकट. माझ्या आईला माझ्या बापानं इस्त्रीनं मारलं आणि मी दारात उभी होते, हे वाक्य पाठ केलं होतं. ‘बापानं’वर अडखळले, पुन्हा मागे जाऊन म्हटलं.

बाबांनी समोरचा ग्लास उचलून फेकला. जीभ हासडून हातात देईन म्हणून ओरडले. शिपायांनी त्यांना बाकावर पालथं दाबलं, त्यांचं नाक फुटलं. माझ्या कानाला काच लागली. रक्त मानेवरून ब्लाउजात उतरत होतं आणि मी बोलतच होते, दादा. थांबवावं लागलं मला!

पण नंतर खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांनी शपथेवर सांगितलं, त्या घरातून कधी भांडण ऐकलं नाही, ऐकला तो मुलाचा पाढा. किती वळणाचं घर, म्हणाल्या. बाबांच्या वकिलानं ते पुन्हा वदवून घेतलं. आमच्या वकीलबाई म्हणतात, इस्त्री आणि ग्लास हा त्या वेळेपुरता राग ठरवतील. आधीची वर्षं कुणीतरी सांगायला हवीत. मी तेव्हा चिमुरडी, माझं कोण खरं धरणार? आई अजून पेन हातात घेत नाही.

काकू खोटं बोलल्या नाहीत. त्यांना तुझाच आवाज ऐकू आला. तो कशासाठी काढला जात होता, ते तूच सांगू शकतोस. त्यात तुझा काही गुन्हा नव्हता. शर्टाचं टोक माझ्या दातांत होतं, तू किती थरथरायचास ते मला माहीत आहे.

पुढच्या तारखेला ये. कोर्टामागे भिंत आहे, तिथं जाऊन ओक आणि मग आत ये. चेहरा माझा धर. मी बहिरी नाही, पण तुझं चुकलं तरी हसणार नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. खालच्या मजल्यापर्यंत जायला नको.

लोभ आहेच, तो मागत नाही. तू नाही म्हणशील हे धरूनच पाकीट चिकटवतेय. तरी ये.

तुझी,
घुमी