धाकटीच्या हातातली तलवार

मंगळवार, ३ मार्च. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. ऑफिसात एकटाच आहे. कपाटावर तू चिकटवलेली चित्रं नखाने खरवडत होतो. मालकांच्या मेहुण्याचा हुकूम आहे.

प्रिय खडू,

हात कसा आहे? तुझ्या दारात येऊन विचारायची माझी छाती नाही, म्हणून पत्रात विचारतो. तुझ्या खुर्चीवर अजून कुणी आलेलं नाही. पंखा तसाच कुरकुरतो.

त्यातली घरमालकीण काही केल्या निघत नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बशीएवढे डोळे. "एका खऱ्या मशीनच्या पोटात दहा खोट्या मशिनी नांदवणारं सॉफ्टवेअर म्हणजे भाडेकरू ठेवणारी खाष्ट बाईच की रे, मास्तर!" असं म्हणून जेवणाच्या सुट्टीत तू तिला जपानी अ‍ॅनिमेतल्यासारखी काढलीस. मग तिच्या दोन भाडेकरणी, म्हणजे आपल्या दोन खोट्या मशिनी. थोरलीच्या पोटात मालवाहतुकीच्या सगळ्या खऱ्या नोंदी, म्हणून तिच्या हातात तलवार. धाकटी तिच्याचसारखी, पण आपल्या सरावाची, रिकाम्या हातांची. स्क्रीनवर नावांऐवजी आपण तीच चित्रं लावली. दर शनिवारी धाकटीला मारायचं, म्हणजे पुसून टाकायचं, सोमवारी नवी जन्माला घालायची. "उडव मुंडकं!" तू ओरडायचास आणि मी बटण दाबायचो. तेही तुझ्या लॉगिनने. सगळे मास्तर म्हणाले तरी माझ्यासारख्या नववी नापासाला वेगळं लॉगिन कोण देणार?

त्या सोमवारचं लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

"तीन वर्षांच्या नोंदी कुणाच्या बापाने पुसल्या? लॉगिन तर याचंच दिसतंय!" असं म्हणत मेहुण्याने कीबोर्ड उचलून तुझ्या तोंडावर हाणला. तुझा दात कळांमध्ये अडकला. तू म्हणत होतास, "मी नाही, साहेब, आईशप्पथ." त्याने तुझी उजवी बोटं पत्र्याच्या खणात कोंबली आणि मला म्हणाला, "मास्तर, बघतोस काय? धर याचं मनगट."

मी धरलं.

खण पहिल्यांदा आपटला तेव्हा पत्र्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा हाडाचा. तिसऱ्यांदा तू ओरडलाच नाहीस, नुसता माझ्याकडे पाहत राहिलास. तुझी नाडी माझ्या अंगठ्याखाली धडधडत होती आणि रक्त माझ्या बाहीत शिरत होतं.

परवा तुझ्या ताईने चिठ्ठी आणून दिली. डाव्या हाताने लिहिलेली. 'मास्तर, माझंच काहीतरी चुकलं असणार. तुला धरायला लावलं, त्यात तुझा काय दोष.' दोन वेलांट्या चुकल्यात. मी दुरुस्त केल्या नाहीत.

खडू, तू चुकला नाहीस.

त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी तू म्हणालास, "धाकटीलाही तलवार पाहिजे रे, नुसती मरते बिचारी." गुरुवारी तुझी रजा होती. तुला गंमत दाखवावी म्हणून मी बसलो. तुझ्यासारखी तलवार मला जमेना, तेव्हा थोरलीचीच कापून धाकटीच्या हातात दिली; थोरली रिकाम्या हातांची झाली. नंतर कामाच्या गडबडीत सांगायचं राहिलं. शनिवारी तू चहा आणायला गेलास आणि सवयीने मी रिकाम्या हातांची निवडली. 'नक्की पुसायचं?' घरमालकिणीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हटलं. नोंदींची जादा प्रत ठेवायला मालकांनी कधी पैसा सोडला नाही, हे तुला माहीतच आहे.

तू कप घेऊन आलास तेव्हाच मला कळलं होतं. म्हणजे सोमवारी तुझं मनगट धरलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोललो असतो तर खण पहिल्यांदा आपटण्याआधीच तो थांबला असता. तुझ्या बोटांच्या जागी मला माझी बोटं दिसत होती आणि ती मला शाबूत हवी होती.

याच मजकुराची दुसरी प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली आहे. नऊला मेहुणा येईल. मी जागचा हलणार नाही. ही प्रत तू पोलिसांना दे. पानामागे पूर्ण नावाने सही केली आहे. मारणाऱ्याचं नाव सांगशील तेव्हा धरणाऱ्याचं गाळू नकोस. मला वाचवायला खोटं बोलशील, ही मला सगळ्यात जास्त भीती आहे.

यापुढे मला मास्तर म्हणू नकोस.

सगळं ठाऊक असून गप्प राहिलेला,
तुझा म्हणवण्याचा हक्क गमावलेला
मी