भाग दुसरा, माझ्याकडचा

सोमवार, ७ नोव्हेंबर १९३८. शहादा.
कचेरीतून परस्पर वाचनालयात. पुढे काय वाचावे, याचा निर्णय आज झालाच पाहिजे. वेदान्त, इतिहास की प्रवासवर्णन? कपाटापुढे बराच वेळ उभा. बाकावर हिलाल शिंपी पेपर धरून बसलेला, डोळे मात्र माझ्यावर. निर्णय उद्यावर.

मंगळवार.
पुन्हा हिलाल. मी वेदान्ताला हात लावताच त्याने मान पुढे काढली. शंकाच नको, माझ्या वाचनावर पाळत आहे. सरकारी नोकर काय वाचतो, हे वरच्यांना हवे असणार. तूर्त नवे पुस्तक न्यायचे नाही. उशाशी एका कादंबरीचा दुसरा भाग होळीपासून आहेच. पहिला कोण दाबून बसला आहे देव जाणे, म्हणून दुसराच आणला. थोडी पाने झाली. बाकीची एका बैठकीत होतील.

बुधवार.
हिलाल घरापर्यंत मागे आला. सौ. म्हणते, तुमचा कोट पाठीवर उसवलाय, तेच बघत असेल. तिला राजकारण कळत नाही.

गुरुवार, सायंकाळी.
गाठलेच त्याला. कोणी पाठवले, म्हणून दरडावले. चाचरला. त्याची आई तापीबाई अंथरुणाला खिळलेली. पहिला भाग त्याने तिला वाचून दाखवला; त्यातली पोर वाट चुकते तिथेच तो संपतो. दुसरा माझ्याकडे आहे हे कळल्यापासून मागायचा धीर होत नव्हता म्हणे.
मग हळूच म्हणाला, "मन्ही माय रोज इचारस, ती पोर घर पोचस का?"
माझ्यासारख्या वाचकाने माहीत नाही म्हणायचे?
"पोचते," म्हणालो. पुस्तक उद्या देतो, असेही सांगून बसलो.

शुक्रवार.
पोटदुखीची रजा टाकून वाचायला बसलो. पोर घरी पोचत नाही. नदीत बुडते. लेखकाने मुद्दाम केल्यासारखे वाटते. पुस्तक हरवले म्हणायचे ठरवले. इतक्यात हिलाल दारात, आणि पुस्तक माझ्या हातात. द्यावे लागले.

रविवार.
हिलाल पुस्तक परत घेऊन आला. मी आधीच सांगून टाकले की, वाचले फार पूर्वी, शेवट जरा विसरलो होतो.
तो म्हणाला, "बुडस ते पान मी वाचंच नही. पोर घर पोचनी, आसंच मायले सांगं. माय निवांत झोपनी." पुस्तक माझ्या हाती देत, "भाऊसाहेब, तुम्ही ते वाचेल नव्हतं ना?"
विसरलो होतो, असे पुन्हा सांगितले. त्याने मान डोलावली.
त्याच्या नजरेत संशय नव्हता. खात्री होती.