शेपूट उजव्या कोपऱ्यात

चि. सौ. मेघना हिला ताईचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? साईनाथरावांची शुगर? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत, आणि तेच दुखणं आहे. हे निवृत्त झाल्यापासून बाळकुमच्या या दोन खोल्यांत सकाळीच टीव्ही सुरू होतो, आणि मी स्वयंपाकघरात गेले की मागोमाग येऊन फोडणीत मोहरी जास्त पडली का ते बघतात. (पोस्टाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस. व्हॉट्सअ‍ॅप केलं तर हे चष्मा लावून मोठ्यानं वाचतात.)

तर नौपाड्यातल्या आमच्या महिला मंडळाने क्रोशाची स्पर्धा ठेवली. पहिली येईल तिने दर बुधवारी दुपारी मंडळात क्रोशाचा वर्ग घ्यायचा. बक्षिसाचा कुकर गेला खड्ड्यात, मला तो बुधवार हवा होता. घराबाहेर पडायला माझ्याजवळ दुसरं कारणच उरलेलं नाही. भाजी, औषधं, बँक, सगळं हे फोनवर उरकतात. म्हणून चातुर्मासभर खपून मी पांढऱ्या दोऱ्याचा टेबलक्लॉथ विणला. आत खांबाच्या टाक्यांच्या सरळ ओळी, भोवती शिंपल्यांची किनार.

परीक्षक कोण, तर तुझी बँकेतली जुनी मैत्रीण, योगिनीबाई. आता अशा सरळ ओळींत उलट-सुलट पटकन कळत नाही, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यासाठी बाईंचा नियम असा, की सुरुवातीच्या दोऱ्याचं शेपूट कापायचं नाही. ते खालच्या डाव्या कोपऱ्यात आलं, की समोर आहे ती सुलट बाजू. बरोबर आहे नियम, उजव्या हाताने विणणाऱ्यांसाठी. मी पडले डावखुरी. (आपल्या आईने त्या हातावर किती फटके मारले, तुला आठवत असेल. जेवण, नैवेद्य, हळदीकुंकू सगळं उजव्या हातात गेलं, सुई तेवढी गेली नाही.) डावखुरी विणते दुसऱ्या दिशेने, तिचं शेपूट उजव्याच कोपऱ्यात येणार.

बाईंनी शेपूट पाहिलं, "अगंबाई, उलटा अंथरलात की हो!" म्हणाल्या, आणि माझा टेबलक्लॉथ स्वतःच्या हाताने पालथा घातला. मग काय, खरोखरच उलटी बाजू वर आली. मग म्हणे किनारही उलटी आहे. मग म्हणे खुपसलेली टोकं दिसतात. त्यांनीच पालथा घालायचा आणि त्यांनीच गुण कापायचे! मी सांगितलं, अहो, मी डाव्या हाताने विणते. तर गोड हसून म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा. पहिली आली कोणी एक रुचिता. तिच्या रुमालाची सुलट बाजू आंधळ्यालाही कळली असती, कारण मधोमध प्लास्टिकचे मोती चिकटवले होते. चिकटवले, मेघना, विणले नव्हते! मला आलेलं रडू मी रिक्षात बसेपर्यंत धरून ठेवलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "दोन्हीकडून सारखाच तर दिसतो." लग्नानंतर इतक्या वर्षांनी माणूस एकदाचं बरोबर बोलला, तेही नको तेव्हा.

त्या दिवसापासून मी मंडळात पाऊल टाकलेलं नाही आणि टाकणारही नाही. योगिनीबाईंचं तोंडसुद्धा मला पाहायचं नाही. असो. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
आसावरीताई

ता. क. रुचिताने वर्ग लगेचच सोडला (मोती संपले असतील). आता बाईच शिकवतात. त्यात मंडळातल्या बायकांच्या दोन डावखुऱ्या सुना आल्या आहेत, त्यांना कसं शिकवायचं ते बाईंना जमेना, म्हणून त्यांनी मला फोन केला. मी तोऱ्यात "विचार करून सांगते" म्हटलं आणि ठेवून दिला. त्यानंतर त्यांचा फोन नाही. वाजला की धावते, तर क्रेडिट कार्डवाले. तेव्हा तू आपणहून केल्यासारखा त्यांना फोन कर. म्हणावं, ताई फार दुखावली आहे, पण मी बघते समजूत काढून. मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. आधी त्यांनी माफी मागावी, हे ठणकावून सांग. अगदीच अडून बसल्या तर सोडून दे. आणि बुधवार भरला असेल तर मला मंगळवार चालेल. शुक्रवारही चालेल. रोज असेल तरी चालेल.