नवमीला चालवलेला लेथ

२६ सप्टेंबर, दौंड
आलो एकदाचा! पंचविशीत सातवं गाव. स्टेशनमागं हौशीराम आप्पांची पत्र्याची शेड मिळाली. आप्पा रेल्वेतले रिटायर टर्नर. मी टेबलावर मावेल एवढा लेथ, लोखंड कातायचं यंत्र, आणलाय. व्हिडिओ बघून शिकायचं, भोवरे करून विकायचे. भोवऱ्यावरून आठवलं, न्हावऱ्याच्या बाजारात एक... असो. आप्पांनी लेथ बोटानं ढकलला आन् म्हणाले, ह्यो लेथ हाय का शिलाई मशीन? वजनदार घ्यायचा, सरकती स्लाइड ढिली तर न्हाई ना, हलवून बघायची. रंग बघून घेतलास व्हय? म्हातारा जळतो, दुसरं काय!

२८ सप्टेंबर
गज कापताना सगळं टेबल थरथरतं. आप्पा म्हणे कापणाऱ्या टूलचं टोक गजाच्या सेंटरला आण, बाह्या दुमड. जन्मभर एकच हँडल फिरवलं, त्याचा केवढा ताठा! टूलखाली पातळ पत्र्याची पट्टी सारली. थरथर थांबली. त्यांना सांगितलं नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आप्पांच्या सूनबाई, सविता वहिनी, यांनी माझ्याही लेथला हळदकुंकू, झेंडू वाहिला. वर बजावलं, भावजी, आज लोखंडाला इसावा. आज कापलं तर ते आपल्यातलं घेतं. मी विचारलं, सुट्टीचा पगारबी घेतं का? आप्पा हसले नाहीत. दोघं देवळात गेल्यावर झेंडू फेकला, पंचवीस एमएमचा गज वीसवर आणला. लांबच लांब कीस. झकास!

२ ऑक्टोबर
गज मोजला. पंचवीस. माझा व्हर्नियर भिकार, म्हणून आप्पांचा आणला. पंचवीसच. मग हा ओंजळभर कीस कुठला? अजून कोमट आहे. घड्याळ मनगटावरून घसरतंय. खाणावळीतली डाळ म्हणजे निव्वळ पाणी, दुसरं काय.

४ ऑक्टोबर
व्हर्नियरनं डावा अंगठा मोजला, सकाळी अठरा एमएम. एक कट घेतला. गज तेवढाच — अंगठा सोळा. आप्पांना दाखवला. टोमणा मारतील वाटलं. तर म्हणाले, हात जोड, चुकलो म्हण. चार किलोच्या डबड्याला मी हात जोडू? अडाणी —

५ ऑक्टोबर, दुपार
प्लग काढलाय. तरी गज धरणारा चक फिरतोय. गजही काढला — टूल नुसत्या हवेत — कीस पडतोय. कोमट. ओला.

अंगठा नऊ.

बाहेर आप्पा दार ठोकतायत, वहिनी ओरडतायत, कडी काढा — बोटांत जोर नाही —

चुकलो. लिहून देतो, चुकलो. हात जोडतो. उजवा हाय. डावा —