मागे राहणारा नवरा

रविवार, संध्याकाळ. डोकमर्डी.

पाय दुखतायत, पण बसवत नाहीये. आज मी आणि संदीप जुन्या, रूळ उखडलेल्या रेल्वेमार्गावर सायकली घेऊन गेलो. सपाट मुरमाची वाट, दोन्हीकडे साग, गाडी एकही नाही. आणि मी मूर्खासारखी सारखी मागे वळून बघतेय! नरोलीच्या रस्त्याची सवय. तिथे रोज आम्ही दोघं सायकलने कंपनीत जाताना कंटेनरचे ट्रक अगदी अंगाला घासून जातात.

"अगं, मागे काय बघतेस? इथं कोण येणार आहे?" असं म्हणून संदीप सुसाट पुढे निघून गेला. मला गाठताच येईना. हाच का तो नवरा, जो रोज माझ्या मागे रेंगाळतो? "पेडल मार ना जरा," म्हणून मी ज्याला टोमणे मारते? आणि आज रोजचा तो भडक नारिंगी शर्टही अंगात नव्हता. साधा पांढरा होता.

पुलापाशी गाठला तेव्हा विचारलं, मग रोज मागे का राहतोस?

"ट्रकवाल्याला आधी मी दिसायला पाहिजे ना," म्हणाला आणि पाण्याची बाटली पुढे केली. एवढंच.

तेव्हापासून चैन नाही. त्या शर्टावरून किती हसलेय मी त्याला! आणि त्याच्या मागे कोण असतं? हे आधी कसं सुचलं नाही मला?

उद्या मागे मी. सांगितलं तर ऐकणार नाही. नारिंगी शर्ट गॅलरीत वाळत होता. अजून दमट आहे, तरी काढून माझ्या पिशवीत घातलाय.