एक वल्हे एग्बर्टसाठी

मी, क्लिफ्टन आर्कादियो लॅश्ली, वय वर्षे ७८, धंदा पूर्वी पनामा कालव्यावर वल्हेकरी आणि आता खिडकीत बसणे, राहणार पाराईसो, जहाजे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या पेद्रो मिगेलच्या पाणदरवाज्यांवरची टेकडी, पनामा, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला द्यायला ते तयार नाहीत, म्हणून ही घाई.

कलम १. माझे राहते घर माझी एकुलती एक मुलगी मेल्वा हिला मिळावे. कालवा खणला गेला तेव्हा गोऱ्यांना पगार सोन्यात मिळे आणि बार्बाडोसहून आणलेल्या आमच्यासारख्या काळ्यांना चांदीत. पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे होते. हे घर आजोबांना चांदीवाले म्हणून भाड्याने मिळाले आणि कालवा अमेरिकेकडून आमच्या देशाकडे आल्यावर मी ते विकत घेऊन टाकले. मेल्वाने ते रंगवावे, वाढवावे, हवे तर विकावे. पण कालव्याकडच्या खिडकीत एसी बसवू नये. तिथून जग दिसते.

कलम २. बँकेत जे काही उरले असेल तेही मेल्वाचे. त्यातून अंत्ययात्रेला बँडवाले आणावेत आणि जेवणाला नारळाच्या दुधातला भात असावा. लिंबात मुरवलेले डुकराचे पाय मात्र बाहेरून मागवू नयेत, बाहेरचे लोक मिरची घालताना हात आखडता घेतात. शेजारच्या बेनिल्दाबाईंच्या अंगणात लोंबणाऱ्या फांदीवरचे आंबे त्यांचेच आहेत, हे मला मेल्यावर मान्य आहे. आधी नाही.

इथे थोडे थांबलो होतो. अमेरिकेतल्या सोयाबीनचे जहाज आले होते आणि ते चीनकडे निघाले होते! वकील किंतेरो म्हणतात, असले काही मृत्युपत्रात घालत नाहीत. पण गेल्या व्यापारयुद्धात ही जहाजे दिसेनाशी झाली होती, तेव्हा दोन सरकारे एकमेकांशी बोलत नाहीत हे मला बातम्यांच्या आधी कळले होते. आज आले म्हणजे कुठेतरी कोणीतरी अजून बोलतो आहे. हे लिहून ठेवलेच पाहिजे.

कलम ३. माझा रेडिओही मेल्वालाच द्यावा. तो मी बातम्या ऐकण्यासाठी नव्हे, तपासण्यासाठी वापरत आलो. युरोपने रशियाचा गॅस घेणे बंद केले तेव्हा मेल्वा जहाजे ओढणाऱ्या तिच्या टगबोटीवरून उतरून आली आणि म्हणाली, "पप्पा, जपानला जाणारी गॅसची जहाजं कमी झालीयेत. कुठे गेली?" मी नकाशात युरोपवर बोट ठेवून दाखवले. तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रे उडू लागली तेव्हा सुएझची वाट सोडून जहाजांची आमच्या दारात गर्दी व्हायला हवी होती, तर नेमका कालव्याला पाणी पुरवणाऱ्या आमच्याच तलावात दुष्काळ. माणसे म्हणतात जग एक बाजारपेठ झाले. झाले ना! पण त्या बाजाराला दोन-चारच दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाज्यावर कोणाचा ना कोणाचा डोळा आहे. मी त्यातल्या एका दरवाज्यात उभे आयुष्य वल्हवले आणि एक दिवस कंटाळलो नाही.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. निवृत्तीला मला माझ्या होडीची दोन लाकडी वल्ही मिळाली. एक मेल्वाला. दुसरे एग्बर्ट योरवुड याला, राहणार ब्रुकलिन, न्यूयॉर्क, अटीसह.

एग्बर्ट आणि मी एका होडीत होतो. एवढी अवजड जहाजे, पण काठावरचा दोर त्यांच्यापर्यंत न्यायला दोन माणसांची होडीच लागे. काठावरून दोर घ्यायचा, जहाजाच्या नाकाखाली जायचे, वरून खलाशी जो पातळ दोर सोडत त्याला काठावरचा दोर बांधायचा. मग काठावरची इंजिने जहाजाला दोन्ही बाजूंनी आवळून धरत. मी वल्हवायचो, एग्बर्ट गाठ मारायचा. वल्हवणारा जहाजाकडे पाठ करून बसतो. म्हणजे मी कुठलेच जहाज येताना पाहिले नाही, एग्बर्टने माझ्यासाठी पाहिले. तो सांगायचा, "उंच आहे, गंजलंय, ग्रीक असेल, डावीकडे घे," आणि मी डोळे मिटून घ्यायचो.

भांडण एकाच गोष्टीवरून. एग्बर्ट म्हणे, माल तिथेच फिरतो जिथे कोणाची तरी बंदूक पहारा देते. अमेरिकन गेले की इथे गवत उगवेल. मी म्हणे, पहारा कोणाचाही असो, दोर कोणीतरी बांधावाच लागतो. कालवा आमच्याकडे यायच्या आठवडाभर आधी तो अमेरिकेचा पासपोर्ट घेऊन निघून गेला. जाताना म्हणाला, "ते वल्हं चुलीत घालशील लेका, बघच." नव्व्याण्णवच्या त्या डिसेंबरातल्या दुपारी आमचा झेंडा वर चढला तेव्हा मी गर्दीत ढसाढसा रडलो, आणि शेजारी बघतो तर वर्णन करायला कोणी नाही.

तरी फोन चालू होते. यंदा जानेवारीत उत्तरेकडून, अमेरिकेतून, भाषणे सुरू झाली, कालवा परत घेऊ म्हणून. एग्बर्टने हसत फोन केला, "ऐकलंस का? आम्ही परत येतोय." मी विचारले, "आम्ही म्हणजे कोण?" तो नुसता हसत राहिला. मी फोन ठेवला. तेव्हापासून बोलणे नाही. चांदीवाल्यांच्या नळाचे पाणी प्यालेला माणूस 'आम्ही' कोणाला म्हणतो, हे जाणून घेतल्याशिवाय मला मरायचे नाही.

अट अशी: वल्हे त्याला टपालाने पाठवू नये. त्याने स्वतः यावे, माझ्या थडग्यापाशी कालव्याकडे तोंड करून उभे राहावे आणि एक जहाज जाईपर्यंत ते कसे आहे हे मोठ्याने सांगावे. मला पाठमोरे ऐकायची सवय आहे. आणखी एक, त्या भाषणांनंतर मला वाटू लागले आहे की एग्बर्टचे म्हणणे अर्धे तरी खरे होते. हे वाक्य त्याला वाचून दाखवू नये.

कलम ५. मेल्वाने ते वाक्य काल फोनवरून त्याला वाचून दाखवले आहे. तिला वारसाहक्कातून काढावे का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, शांत व्हा.

कलम ६. आज सह्यांचा दिवस. साक्षीला बेनिल्दाबाई आणि त्यांचे यजमान हेनारो आले. तिसरे साक्षीदार चर्चमधले ऑर्गनवाले तापाने आडवे झाले. वकील घड्याळ बघत होते, तेवढ्यात फाटक वाजले आणि चाकांची बॅग ओढत एग्बर्ट योरवुड आत आला. म्हातारा झाला आहे. माझ्यापेक्षा जास्त, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

तो म्हणाला, "अर्धं खरं काय रे? पूर्ण म्हण." मी म्हणालो, आधी बस. साक्षीदार कमी पडतोय हे कळल्यावर त्याने पेन मागितला. वकिलांनी हात आडवा धरला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्ष देता येत नाही. वल्हे घ्या नाहीतर सही करा.

एग्बर्टने फार विचार केला नाही. "खोड ते कलम," तो मला म्हणाला. "तू मेल्यावर मी कुणासाठी बोलू? आत्ता बोलतो."

मी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे पाठ करून बसलो. तो खिडकीशी उभा राहिला. छातीत जे होत होते ते डॉक्टरांना कळवू नये.

"येतंय," तो म्हणाला. "लांब आहे. निळं. डब्यांचे सहा थर, वरचे चिनी. मालक कोण देव जाणे. खलाशी फिलिपिनो असावेत, एक जण केस कापून घेतोय." मी डोळे मिटूनच होतो.

"झेंडा?" मी विचारले.

"आपला," एग्बर्ट म्हणाला. "पनामाचा."

सबब कलम ४ पैकी एग्बर्टच्या वल्ह्यापुरता भाग रद्द समजावा. ते वल्हे आज माझ्या हाताने, जिवंतपणी, त्याला दिले आहे. बाकी सर्व कायम.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. मेल्वा मध्ये मध्ये हसली ते विचारात घेऊ नये.

सही: क्लिफ्टन आर्कादियो लॅश्ली

साक्षीदार:
१. बेनिल्दा आरोसेमेना, शेजारी (आंब्यांचे कलम वाचले, मान्य)
२. हेनारो आरोसेमेना, शेजारी
३. एग्बर्ट योरवुड, राहणार ब्रुकलिन. परतीचे तिकीट अद्याप काढलेले नाही

स्थळ: पाराईसो, पनामा
दिनांक: १७ मार्च २०२५