माइक बंद पडला नव्हता

तीर्थरूप ताईस,

तुझ्या बेसूर भावाचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण शिडीवर चढून-उतरून कंबर धरली आहे.) भावोजींचे गुडघे काय म्हणतात? तुझ्या घशाचं विचारलेलं तुला खपत नाही, म्हणून विचारत नाही. ऑपरेशननंतर तुझा आवाज बसला तो बसलाच, आणि तू स्वयंपाक करताना गुणगुणणंसुद्धा सोडलंस. घर कसं खायला उठतं ते भावोजी दर फोनला सांगतात. (मी हे तुला सांगितलं असं त्यांना सांगू नकोस.)

तर, मी सध्या एका ख्रिस्ती मठात स्पीकर बसवायला आलोय. इथल्या संन्याशांना भाऊच म्हणतात, त्यामुळे मलाही फुकटात मान मिळतो. हे भाऊ वेगवेगळ्या पंथांचे. यांच्या पणजोबांनी एकमेकांच्या चर्चची पायरी चढली नसती, आणि हे एकत्र प्रार्थना करतात, एकत्र भांडी घासतात. आपले दोन काका एका सोफ्यावर बसत नाहीत! काम तसं सोपं होतं: वाचन मागच्यांना ऐकू यावं, बस्स.

संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली. मी मागे, माझ्या बटणांपाशी. गाणं म्हणजे एकच ओळ, पुन्हा पुन्हा. आधी वाटलं, पुढचं विसरले बिचारे. पण ती ओळ हळूहळू भरत गेली. कुणी खालचा सूर धरला, कुणी वरचा, प्रार्थनेला आलेले पाहुणेही मिसळले, आणि माझ्या अंगावर काटा आला गं. हातवारे करून सांभाळणारं कुणीही नाही. मग गाणं आपोआप विरलं आणि सगळं एकदम चिडीचूप. शंभर-दीडशे माणसं जमिनीवर बसलेली, आणि साधा खोकलासुद्धा नाही. आता तूच सांग, माझ्या धंद्यात एवढ्या शांततेचा अर्थ काय? लाइन गेली, माइक बंद! वायर चाचपत मी गुडघ्यांवर रांगत थेट पुढे गेलो (वाटेत एक बाई हळूच सरकल्या, त्यांना वाटलं मला भक्तीचं भरतं आलं), माइकवर टकटक केलं आणि म्हणालो, हॅलो, हॅलो, चेक. ताई, लाइन उत्तम होती. माझं हॅलो छतापर्यंत घुमलं. मठाचे प्रमुख, म्हणजे मोठे भाऊ, यांनी एक डोळा उघडला, हसले, आणि परत मिटला. गप्प बसणं हाही यांच्या प्रार्थनेचाच भाग, रोजचा! कुणी मला आधी सांगायचं की नाही?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत रांगत जायची हिंमत नव्हती, म्हणून तिथेच एका म्हाताऱ्या भावांशेजारी बसलो. गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा कळलं, त्यांना आवाजच नाही. कुठल्याशा आजारात गेलेला म्हणे. नुसती हवा आणि खरखर. तरी ते गात होते, डोळे मिटून, अगदी मजेत. आणि ऐक, कान धंद्याचा म्हणून लक्षात आलं: त्यांच्या आजूबाजूचे सगळे जरासे हळू गात होते, ती खरखर बुडू नये म्हणून. मला जन्मभर बटणं फिरवून जे जमलं नाही, ते ही माणसं नुसता कान देऊन करतात. मला रडू आलं. मग मीही गायलो. (हो, मी! कुणी वळूनही पाहिलं नाही. तू असतीस तर चिमटा काढला असतास.)

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. इथलं काम कधीच संपलंय. मी उगीच वायरी गुंडाळत बसलोय.

ता. क. २ : त्या म्हाताऱ्या भावांच्या शेजारची माझी जागा तुला द्यायची म्हणून मोठ्या भावांना विचारून ठेवलंय. ये ना गं. नुसते ओठ हलवलेस तरी चालेल.

ता. क. ३ : त्या जागेजवळचा माइक मी काढून टाकलाय, तुझा आवाज छतापर्यंत घुमायची धास्ती नको. मोठ्या भावांना सांगितलं, बिघडलाय. त्यांनी धडधाकट माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, दुरुस्तीची घाई नको. आधी तुझी ताई येऊन गाऊन जाऊ दे.